स्मिथफील्डचं एवा गार्डनर म्युझियम: आईला घेऊन गेले, तुम्हीही जा

आई सहा महिन्यांसाठी भुसावळहून आमच्याकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीला आली आहे. मॉल बघून ती कंटाळली, म्हणून मागच्या शनिवारी स्मिथफील्डला हॉलिवूडची जुनी नटी एवा गार्डनर हिचं म्युझियम बघायला गेलो. गाडीने पाऊण तास. गाव लहानसं, म्युझियम बाजारपेठेच्या रस्त्यावरच.

सुरुवातीला तिच्या आयुष्यावरची छोटी फिल्म दाखवतात. ती चुकवू नका. १९२२ साली इथून जवळच्या ग्रॅबटाऊनला, तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेलं हे सातवं लेकरू. न्यूयॉर्कला बहिणीच्या नवऱ्याने काढलेला फोटो त्याच्या स्टुडिओच्या काचेत लावला होता. त्या एका फोटोवरून १९४१ मध्ये ती एमजीएम या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीत पोचली. पण तिची बोली इतकी गावठी वाटली, की चाचणी आवाजाशिवाय चित्रित केली आणि मग शिक्षक लावून तिचं बोलणंच बदलून टाकलं.

हे ऐकताना माझ्या पोटात तुटलं. पुण्यात शिकायला गेले तेव्हा डोळ्याला ‘डोया’ म्हणते म्हणून वर्गात हसायचे. वर्षभरात मी ते बोलणं सोडलं. आईशी फोनवर बोलतानासुद्धा.

पुढे १९५१ च्या ‘शो बोट’ सिनेमात तर तिची गाणी दुसरीच्या आवाजात घातली. रेकॉर्डवर मात्र तिचा स्वतःचा आवाज आहे. ‘मोगँबो’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, ‘द नाइट ऑफ द इग्वाना’मध्ये तिने जीव ओतला, तरी लोक लग्नांबद्दलच बोलतात. फ्रँक सिनात्रा वगैरे. मला त्यात रस नाही.

संग्रहाची कथा फार गोड आहे. १२ वर्षांचा टॉम बँक्स कॉलेजच्या मुलींना चिडवायचा. एकीने त्याला पकडून गालाचा मुका घेतला. ती एवा! पुढे पेपरात तिचा फोटो दिसला आणि तेव्हापासून त्याने आयुष्यभर कात्रणं, पोस्टर, फोटो जमवले. त्याच्या पश्चात बायकोने सगळा संग्रह गावाला दिला. बर्ट फायफर या डच चित्रकाराने वर्षानुवर्षं काढलेली तिची चित्रंही इथे आहेत. त्यांच्यापुढे जरा थांबा, तो प्रत्येक वेळी तिला नव्याने बघतोय असं वाटतं.

आई मात्र पोशाखांपाशी खिळली. तिने तीस वर्षं शिवणकाम केलंय. चष्मा वर करून काचेला जवळजवळ नाक लावून तिने एका झग्याची कड बघितली आणि म्हणाली, “माय वं, हातचे टाके आहेत. बघ, आतून दुमड कशी घेतली.” अर्धा तास तिथेच.

‘भोवानी जंक्शन’चा विषय निघाला तेव्हा मीच तिला समजावलं. १९५६ चा सिनेमा, चित्रण लाहोरला, आणि एवा एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरची मुलगी झाली आहे. माझे आजोबा रेल्वेत गार्ड होते. आईला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन बायका आठवल्या, त्यांचे फुलाफुलांचे फ्रॉक, नाताळचा केक. मग तिथेच उभ्या उभ्या बराच वेळ ती त्यांच्याबद्दल सांगत राहिली, आपल्या बोलीत, आणि मीही तसंच उत्तर देत गेले.

निघायच्या आधी सनसेट मेमोरियल पार्कला जाऊन या. १९९० साली लंडनला ती गेली, पण पुरली इथे, आईवडिलांजवळ. डामडौल काही नाही.

लहान मुलं कंटाळतील. मोठ्यांनी दोन तास हाताशी ठेवून जावं, वेळा आधी बघून. परतताना गाडीत ‘शो बोट’मधलं तिच्या स्वतःच्या आवाजातलं गाणं लावलं. संपल्यावर आई म्हणाली, “पुन्हा लाव.”