डीडब्ल्यूजी नकाशा कशात उघडावा? लिब्रेकॅड, फ्रीकॅड आणि लिब्रेडीडब्ल्यूजी

गुहागरच्या घराचा नकाशा मुंबईच्या आर्किटेक्टने डीडब्ल्यूजीत, म्हणजे ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या फाइलप्रकारात, पाठवावा आणि आपल्याकडे ऑटोकॅड नसावे, ही अडचण किनारपट्टीवर छोटी बांधकामे घेणाऱ्यांना नवी नाही. अशा वेळी नकाशावरून नुसती मापे घ्यायची आहेत, की तो दुरुस्त करून डीडब्ल्यूजीतच परत द्यायचा आहे, हे आधी ठरवावे. सॉफ्टवेअरची निवड त्यावरच अवलंबून असते.

डीडब्ल्यूजीची अंतर्गत रचना ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने खुली केलेली नाही. नकाशांच्या देवाणघेवाणीच्या डीएक्सएफ या फाइलप्रकाराचा तपशील मात्र कंपनी स्वतःच प्रसिद्ध करते, त्यामुळे मुक्त स्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरची खरी भिस्त डीएक्सएफवर आहे. द्विमितीय कामाचे लिब्रेकॅड जुन्या लॅपटॉपवरही चालते आणि काही डीडब्ल्यूजी वाचते, परंतु जतन डीएक्सएफमध्येच करते. फ्रीकॅड त्रिमितीय असून त्याला डीडब्ल्यूजीसाठी बाहेरचा रूपांतरक जोडावा लागतो. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा ओपन डिझाइन अलायन्सचा रूपांतरक फुकट मिळतो, पण तो मुक्त स्रोत नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील लिब्रेडीडब्ल्यूजी हे डीडब्ल्यूजी वाचण्या-लिहिण्याचे साधन पूर्णपणे मुक्त आहे. ते बहुतेक आवृत्त्या वाचते, मात्र लिहिताना डीडब्ल्यूजीच्या 2000 च्या आवृत्तीपुढे त्याच्यावर विसंबू नये. त्याचा जीपीएल 3 हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लिब्रेकॅडच्या जीपीएल 2 शी जुळत नाही, म्हणून मुक्त गोटातले हे दोघे एकत्र नांदले नाहीत!

जांभ्याच्या एका घराचा नकाशा मी असाच रूपांतरित केला, तेव्हा पडवी, माजघर, जिना सारे जागेवर होते. पण खोल्यांची नावे युनिकोडपूर्व (रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या) मराठी फाँटमध्ये टंकलेली असल्याने ‘माजघर’च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसत होता. त्याहून घातक चूक एककाची असते: इंचांतला नकाशा मिलिमीटर समजून वाचला, तर चौदा इंची चिरा चौदा मिलिमीटरचा होतो. म्हणून माहीत असलेले एखादे माप, निदान दरवाजाची रुंदी, प्रथम मोजून पाहावी.

माझ्या मते घरांच्या द्विमितीय कामाला रूपांतरक आणि लिब्रेकॅड ही जोडी पुरेशी आहे, फक्त छपाईसाठी मांडलेल्या पानांची (लेआउट) अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये. कौलारू छप्पर त्रिमितीत उभे करायचे असेल, तर फ्रीकॅडला पर्याय नाही. बोटीच्या इंजिनाचा सुटा भाग सॉलिडवर्क्स या यंत्रभागांच्या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये आला, तर मात्र रूपांतराच्या खटपटीत न पडता पाठवणाऱ्याकडून स्टेप ही वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी फाइलच मागवावी. दुरुस्त नकाशा परत देण्यापूर्वी डीएक्सएफ चालेल का, हेही आर्किटेक्टला विचारावे. ऑटोकॅड ती थेट उघडते.