बेसबॉल बघायला सुरुवात करताय? 1982 चं आणि आजचं, शेजारी-शेजारी ठेवून

अमेरिकेत नव्याने राहायला गेलेली मराठी मंडळी पहिल्या उन्हाळ्यात हमखास विचारतात: बेसबॉल बघायचं तर सुरुवात कुठून करायची? आजचे सामने लावायचे, की ऐंशीच्या दशकातली जुनी रेकॉर्डिंग्ज? पुण्या-मुंबईतून बघणाऱ्यालाही हे ठरवावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला असतो. एवढी झोपमोड करायची, तर समोर काय दिसणार आहे ते आधी माहीत असलेलं बरं.

माझ्या लेखी निवडीचा निकष एकच: चेंडू बॅटला लागून मैदानात किती वेळा येतो? तो आला की सगळं मैदान जागं होतं. शॉर्टस्टॉप (बॅटरजवळच्या फळीतला फिल्डर) झेपावतो, आउटफिल्डर (मागच्या फळीतला) धावतो, दुसरा कुणी थ्रो चुकला तर सावरायला त्याच्यामागे पळतो, आणि बेसवरचा (धावताना गाठायच्या टप्प्यावरचा) रनर निम्म्या वाटेत थांबायचं की सुटायचं याचा निर्णय घेत असतो. याउलट स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर आउट), वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) आणि होम रन (कुंपणापलीकडे गेलेला फटका) या तिन्ही प्रकारांत पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) सोडले तर बाकीचे सात फिल्डर फक्त बघत उभे असतात.

1982 साली दोन्ही संघांचे मिळून सामन्यात साधारण 10 स्ट्राइकआउट होत. आता ते 17 च्या आसपास असतात. नऊ इनिंगच्या सामन्यात (एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन आउट) जास्तीत जास्त 54 आउट असतात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश आउट फिल्डरचा हातही न लागता जातात. 2018 मध्ये तर मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या) इतिहासात पहिल्यांदाच पूर्ण मोसमात हिटपेक्षा (बॅटरला बेस मिळवून देणाऱ्या फटक्यांपेक्षा) स्ट्राइकआउट जास्त झाले. 2019 मध्ये 6,776 होम रनचा विक्रम झाला. जोई गॅलो नावाच्या बॅटरचे 100 होम रन आधी झाले आणि 100 सिंगल (फक्त पहिल्या बेसपर्यंत नेणारे फटके) नंतर. असं त्याच्याआधी कुणाचंच झालं नव्हतं.

हे बॅटरच्या हावरेपणामुळे झालं असं सरसकट म्हणतात. ते मला पटत नाही. पिचर बदलले, म्हणून बॅटर बदलले. 1980 मध्ये एकट्या ओकलंडच्या पिचर्सनी 94 सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत स्वतः टाकले. 2024 मध्ये तिसाच्या तीस संघांचे मिळून असे सामने फक्त 28 होते. नऊ इनिंग टिकायचं असेल तर पिचरला दम राखून टाकावं लागतं, आणि तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटरला तो उमगायला लागतो. आता पाचव्या-सहाव्या इनिंगला नवा माणूस येतो आणि एकाच इनिंगपुरता सगळा जोर लावतो. अशा चेंडूंवर लागोपाठ तीन सिंगल मिळण्याची आशा कुणी धरायची? एकच कडक फटका बसला तर बसला, हा बॅटरचा हिशेब चूक नाही. दोन्ही बाजू शहाणपणानेच वागताहेत, आणि नुकसान बघणाऱ्याचं होतंय.

जुनं बघायचं तर 1982 ची वर्ल्ड सिरीज (मोसमाच्या विजेतेपदाची अंतिम मालिका) बघा. सेंट लुइस कार्डिनल्सनी त्या वर्षी अख्ख्या मोसमात फक्त 67 होम रन मारले होते आणि 200 बेस चोरले होते (पिचर चेंडू टाकत असताना रनरने पळून पुढचा बेस गाठणं). समोर मिल्वॉकी ब्रुअर्स, ज्यांचे होम रन 216. पहिला सामना ब्रुअर्सनी 10-0 असा जिंकला, तरी सिरीज सातव्या सामन्यात कार्डिनल्सनी घेतली. खेळ शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही, कारण चेंडू सतत मैदानात येतो आणि कोणता फिल्डर कुठे आणि का पळतो ते आपोआप कळत जातं. उणीव चित्राची: दृश्य धुरकट, कॅमेरे कमी, पडद्यावर स्कोअर कायम दिसत नाही. घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला त्यापुढे बसवणं अवघड जाईल, हे मान्य.

आता आजचं. 2023 मध्ये नियम बदलले. पिचरला चेंडू टाकायला बेस रिकामे असतील तर 15 सेकंद मिळतात. बेस 15 इंचांचे 18 इंचांचे झाले. पिचरने रनरला अडवायला बेसवर किती वेळा थ्रो करायचा यावर बंधन आलं, आणि इनफिल्डर (जवळच्या फळीतले फिल्डर) एकाच बाजूला गोळा करण्याला बंदी झाली. बेसचोरी एका वर्षात 2,486 वरून 3,503 वर गेली. नऊ इनिंगचा सामना तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला. हा फायदा खरा आहे. चेंडू टाकण्याआधी पिचरने मैदानाला फेऱ्या मारणं बंद झालं, आणि त्यासाठी तरी आजचे सामने 2023 च्या आधीच्या पाच-सात वर्षांपेक्षा केव्हाही बरे.

पण वेळ वाचला, चेंडू मैदानात आला नाही. संपूर्ण लीगची बॅटिंग सरासरी (बॅटिंगच्या संधींमागे हिटचं प्रमाण) 2022 मध्ये .243 होती, बंदीनंतर .248 झाली आणि 2024 मध्ये पुन्हा .243. सिनसिनाटीच्या एली डे ला क्रूझने 2024 मध्ये 67 बेस चोरले, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच वर्षी त्याचे स्ट्राइकआउट 218, तेही सर्वाधिक. आजचा सगळा खेळ या एका माणसात दिसतो. 1968 मध्ये पिचर असेच शिरजोर झाले होते, तेव्हा पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला गेला. माझं मत स्पष्ट आहे: आज संघात 13 पिचर ठेवता येतात, ते 11 वर आणा. तसं झालं तर पिचरला पुन्हा दम राखून टाकावं लागेल.

तरीही अलीकडचं सगळंच टाळण्यासारखं नाही. 2015 ची वर्ल्ड सिरीज, पाचवा सामना, न्यूयॉर्क. कॅन्सस सिटी रॉयल्स त्या मोसमात सर्वांत कमी स्ट्राइकआउट होणारा संघ होता. नववी इनिंग, मेट्स 2-1 ने पुढे, एक आउट, तिसऱ्या बेसवर एरिक हॉस्मर. साल्वादोर पेरेझच्या बॅटला चेंडू नीट लागलाच नाही. तो घरंगळत तिसऱ्या बेसच्या डेव्हिड राइटकडे गेला. राइटने हॉस्मरकडे एकदा पाहिलं आणि पहिल्या बेसकडे थ्रो केला. चेंडू हातातून सुटताक्षणी हॉस्मर घराकडे (होम प्लेटकडे, जिथे पोचलं की रन होते) सुटला. पहिल्या बेसवरच्या लुकास डुडाने घाईत केलेला थ्रो कॅचरपासून लांब गेला, आणि सामना 2-2. बाराव्या इनिंगमध्ये रॉयल्स 7-2 ने जिंकले, विजेतेपदासकट. पेरेझ तिथे स्ट्राइकआउट झाला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. 2025 मध्ये टोरोंटो ब्लू जेज हा सर्वांत कमी स्ट्राइकआउटचा संघ सातव्या सामन्याच्या अकराव्या इनिंगपर्यंत झुंजून डॉजर्सकडून 5-4 ने हरला; तो सामना चुकवू नका.

भारतात राहणाऱ्यांसाठी तिसरा पर्याय जपानच्या लीगचा. संध्याकाळी सहाचा सामना आपल्याकडे दुपारी अडीचला लागतो, आणि बंट मारून (बॅटने चेंडू हलकेच जमिनीवर अडवून) रनर पुढे सरकवणं तिथे अजून मनापासून केलं जातं.

तर नव्याने शिकणाऱ्याने आधी 1982 च्या सिरीजचे दोन-तीन सामने बघावेत, मग आजच्याकडे यावं. लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर रेकॉर्डिंग सोडा, थेट स्टेडियमवर जा. तिथे होम प्लेटच्या मागची वरच्या मजल्यावरची सीट घ्या. ती स्वस्त असते, आणि टीव्हीच्या चौकटीत न मावणारी फिल्डरांची धावपळ तिथून पूर्ण दिसते. तिकीट काढण्याआधी त्या दिवशी सुरुवात करणारे दोन्ही पिचर कोण आहेत ते पाहा. नऊ इनिंगमागे दहा-अकरा स्ट्राइकआउट घेणारे दोघे समोरासमोर असतील तर दुसरा दिवस निवडा. जमिनीवरून फटके मारायला लावणारा पिचर आणि लुईस अराएससारखा क्वचितच स्ट्राइकआउट होणारा बॅटर असेल, तर तोच दिवस घ्या.