कुंडईत राहायचं की भोसरी गाठायची? अनुभवी टूल-डाय मेकरच्या पगाराचा हिशेब

मंगेशीच्या जत्रेतून आणलेला खाज्याचा पुडा सोडता सोडता धाकट्या चुलतभावानं खिशातून दोन कागद काढले. एक त्याची गोव्यातल्या कुंडईच्या कारखान्यातली पगाराची स्लिप, दुसरं पुण्याजवळच्या भोसरीतल्या, प्लास्टिकचे साचे म्हणजे मोल्ड बनवणाऱ्या एका टूलरूमचं ऑफर लेटर. "दादा, चौदा हजारांचा फरक आहे. जाऊ?"

त्याची चौदा वर्षं पत्रा कापणाऱ्या, आकार देणाऱ्या साच्यांत, म्हणजे प्रेस टूलमध्ये गेली. आयटीआयला टूल अँड डाय मेकर, मग अप्रेंटिस, मग तिथंच कायम. माझी या धंद्यात सत्तावीस झाली, त्यातली मधली चार भोसरीत. त्यामुळे मत विचारायला तो माझ्याकडे आला, आणि मी आधी कागद मागितले. आकडे थोडे गोल करून देतो:

| | कुंडई | भोसरी |
|---|---|---|
| एकूण महिना | ३६,००० | ५०,००० |
| बेसिक + डीए | २१,००० | १८,००० |
| पीएफ कपात | २,५२० | १,८०० |
| ओव्हरटाइम | महिन्याला साधारण १६ तास | नाही |
| पद | टूल मेकर, ग्रेड १ | सीनियर टूल इंजिनिअर |
| बस, कँटीन | कंपनीची | नाही |
| राहणं | स्वतःचं घर | भाड्याची खोली |

पहिली ओळ सगळे वाचतात. मला बोलायचंय ते चौथ्या-पाचव्या ओळीबद्दल.

कारखान्यात टूल दुरुस्त करायचं तर प्रेस बंद असावा लागतो, आणि प्रेस बंद असतो रविवारी. म्हणून टूलरूमवाल्याचे महिन्याचे दोन रविवार जातातच. जादा तासाला कायद्यानं दुप्पट दर. नुसत्या बेसिक-डीएवर धरला तरी २१,००० भागिले २०८ तास म्हणजे तासाला १०१ रुपये, दुप्पट २०२, आणि १६ तासांचे झाले सव्वातीन हजार. पीएफ वजा जाता हातात ३६,७०० येतात. तिकडे ५०,००० मधून पीएफ आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर गेला की उरतात ४८,०००. दहा हजार खोलीभाडं, सहा हजार मेस आणि जाण्यायेण्याचे, चवथ-शिगम्याला घरी यायची तिकिटं वेगळीच. ३२,००० सुद्धा धड उरत नाहीत. आणि 'इंजिनिअर' या शब्दाची किंमत अशी, की ऑफर लेटरात ओव्हरटाइमच्या पुढं रेघ मारलेली आहे. रात्री अकरापर्यंत ट्रायआउट (नव्या साच्याची चाचणी) चालला तरी वर चहा तेवढा मिळणार. पद वाढवून ओव्हरटाइम कापण्याची ही युक्ती जुनी आहे, आमच्याकडेही चालते.

मग प्रश्न मिटला, राहा घरी? तसं मी सांगितलं नाही. कारण हा झाला यंदाचा पगार. पाच वर्षांनी त्याचा हात काय भावानं जाईल ते या दोन कागदांवर छापलेलं नाही.

टूल म्हणजे खर्च, की टूल म्हणजे माल

एक प्रसंग सांगतो. गोव्यातच वेर्ण्याच्या बाजूला एका कारखान्यात होतो, नाव घेत नाही. पट्टी पुढे सरकत सहा टप्प्यांत पार्ट काढणारं प्रोग्रेसिव्ह टूल, ०.८ मिलिमीटरचा पत्रा, छोटासा ब्रॅकेट. रात्री साडेअकराला फोन आला: पंचबरोबर स्लग वर येतोय. म्हणजे भोक पाडून निघालेली ती गोल टिकली खाली पडायची सोडून पंचच्या, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांड्याच्या, तोंडाला चिकटून वर येते, पट्टीवर पडते आणि पुढच्या ठोक्याला दाबली जाऊन पार्टवर खड्डा पाडते. दोनदा खड्डा पडला, तिसऱ्यांदा चार मिलिमीटरचा पंचच तुटला. फोरमननं नवा पंच काढून तयार ठेवला होता. तो तसाच बसवला असता तर तासाभरात तोही गेला असता. तुटलेल्या पंचचं तोंड आरशासारखं घासलेलं, वर दाट तेल. पातळ टिकली चिकटणारच. नव्या पंचच्या तोंडाला ग्राइंडरवर किंचित तिरका उतार दिला, लांबी अर्धा मिलिमीटर जास्त ठेवली, पट्टीवरचं तेल कमी करायला लावलं. दीड वाजता प्रेस चालू झाला. सकाळी आठला गाडी भरून माल गेला.

त्या वर्षी पगारवाढ मागायला गेलो तेव्हा पर्सोनेलच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "टूलरूमचं प्रॉडक्शन किती?"

उत्तर होतं शून्य. टूलरूममधून एकही वस्तू विकली जात नव्हती. त्यांच्या वहीत आम्ही वीजबिलाच्या शेजारी बसलेलो. वर तिथं युनियनचा तीन वर्षांचा वेतन करार होता आणि त्यात सगळ्यांना सरसकट सारखी वाढ. करारानं मला नोकरीची हमी दिली, रजा दिल्या, म्हाताऱ्या आईचं औषधपाणी दिलं. ते मी विसरत नाही. पण दर करारागणिक माझ्या आणि पॅकिंगच्या मुलाच्या पगारातलं अंतर टक्क्यांत कमी होत गेलं, हेही खरं.

भोसरीत उलटं. तिथं मोल्ड हाच माल. गिऱ्हाइकाला दिलेल्या तारखेला पहिला शॉट, म्हणजे मोल्डमधून निघालेला पहिला नग, चांगला निघाला तर पैसे सुटतात, नाही तर पोलादाचे ब्लॉक, मशीनचे तास आणि माणसं सगळं अडकून पडतं. त्यामुळे मालकाला नेमकं ठाऊक असतं कोणामुळे मोल्ड वेळेत गेला. तो उदार असतो असं नाही (माझा तर महाकंजूष होता), पण त्याला हिशेब दिसतो. माझ्या चार वर्षांत तिथं तीन वेळा पगार वाढला, तिन्ही वेळा ट्रायआउटनंतर.

माझ्या मते पगार ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. वर्षं नंतर येतात. चौदा वर्षं तेच टूल धार लावून परत बसवणाऱ्याचा अनुभव खरं तर एकाच वर्षाचा, चौदा वेळा घेतलेला.

प्रेस टूल, मोल्ड, आणि औषधांच्या गोळ्या

प्रेस टूलवाल्याचं कसब आहे क्लिअरन्समध्ये (दोन भागांमधल्या फटीत) आणि कडकपणात. एक मिलिमीटरच्या साध्या पत्र्याला पंच आणि तो ज्यात शिरतो त्या डायमध्ये बाजूला पाच ते आठ शतांश मिलिमीटरचं अंतर. कमी पडलं तर कडा चिरडते, जास्त झालं तर बर (कडेला खरखरीत काठ) येतो. डी-टू या टूलच्या पोलादाला ५८ ते ६० रॉकवेल कडकपणा आणायचा आणि हार्डनिंगमध्ये ते वाकडं झालं तर ग्राइंडिंगला माल शिल्लक आहे का, याचा अंदाज आधीच बांधायचा. साध्या एका ठोक्याच्या टूलला आता फारसा भाव नाही. वायरकटवर (विजेच्या तारेनं पोलाद कापणाऱ्या मशीनवर) कापून आणायचं आणि जोडायचं, ते काम पोरंही करतात. भाव आहे तो प्रोग्रेसिव्हला आणि खोल ड्रॉला (पत्र्याला खोलगट आकार देणाऱ्या टूलला). पंख्याच्या मोटरीच्या लॅमिनेशनची (पातळ पत्र्याच्या चकत्यांची) अतिकडक कार्बाइड डाय जो सांभाळू शकतो त्याला फोंडा तालुक्यातही कुणी सहजासहजी सोडत नाही.

मोल्डमध्ये पैसा जास्त फिरतो आणि चुकीची शिक्षाही मोठी. एबीएस प्लास्टिक थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं, पॉलिप्रॉपिलिन दीड ते दोन टक्के. एकाचा हिशेब धरून कापलेल्या कॅव्हिटीत (साच्याच्या पोकळीत) दुसरं प्लास्टिक ओतलं तर शंभर मिलिमीटरमागे मिलिमीटरभर फरक पडतो. झाकण डब्यावर बसत नाही. मोल्डचे दोन अर्धे जिथं मिळतात त्या पार्टिंग लाइनला निळी लावून दोन्ही अर्धे एकमेकांवर टेकवायचे, डाग कुठे उमटतो ते बघून घासायचं, परत टेकवायचं. हे काम अजून मशीननं पूर्ण गिळलेलं नाही. स्लायडर, लिफ्टर असे सरकते भाग असलेला मोल्ड शांतपणे जुळवणारा माणूस मिळत नाही म्हणून मालक रडतात, आणि तिथंच घासाघीस करायला जागा असते. पण माझा भाऊ प्रेस टूलचा. भोसरीत पहिलं वर्ष तो नावाला सीनियर, हातानं शिकाऊ. मी त्याला म्हटलं, पन्नास हजार ते कशाचे देतायत ते आधी विचार. नुसत्या बेंचवर पॉलिशला बसवणार असतील तर आहेस तिथंच बरा.

गोव्यात तिसरी वाट औषध कारखान्यांची. गोळ्या दाबायच्या मशीनचे पंच आणि डाय बहुतेक बाहेरूनच तयार येतात. आत बसलेल्या माणसाचं काम लांबी तपासणं, तोंड पॉलिश करणं, गोळ्यांची पाकिटं करणाऱ्या ब्लिस्टर मशीनचे साचे बदलणं आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणं. वातानुकूलित खोली, स्वच्छ कपडे, पगार नियमित आणि बऱ्याचदा चांगलाही. धाकटी मुलं असलेल्या बाईमाणसाला किंवा बाप्याला मी ही नोकरी आनंदानं सुचवेन. मात्र पाच वर्षांनी परत टूल बनवायला उभे राहिलात की फाइल अनोळखी वाटते.

फाइल की कॉम्प्युटर

तरुण मुलं वायरकट, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आणि थ्रीडी डिझाइन शिकून येतात आणि जुन्यांपेक्षा जास्त पगारावर लागतात. याचा राग येतो, मलाही आला होता. पण मशीनवर पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच सहस्रांश, मिळत असतील तर हातानं दोन शतांश मिळवणाऱ्याला कोण पैसे देणार? नुसत्या हाताचा भाव उतरला, तो परत चढेल असं मला वाटत नाही. नुसत्या कॉम्प्युटरवाल्याचंही फार काळ चालत नाही. स्क्रीनवर स्लायडर छान सरकतो, गरम मोल्डमध्ये जाम होतो. ड्रॉइंग वाचण्यापासून ट्रायआउटमधला दोष काढण्यापर्यंत जो पूर्ण रांगेत चालतो, त्याला कुठेही मागणी आहे. बेळगावच्या जीटीटीसीत (सरकारी टूलरूम आणि प्रशिक्षण केंद्रात) किंवा औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंडो-जर्मन टूल रूममध्ये थोड्या मुदतीचे कोर्स होतात. चाळिशीच्या माणसानं तिथं विशीतल्या पोरांत बसायला लाजू नये.

आमच्या हवेबद्दल एक. जुलैत ग्राइंड केलेल्या ब्लॉकला उघडं ठेवलं तर सकाळी तांबूस ठिपके. काही जणांच्या घामाला तर पोलादच सहन होत नाही. बोटांचे ठसे गंजून उमटतात. अशा एकाला मी पॉलिश केलेल्या कॅव्हिटीपासून हातमोजे घालूनही लांब ठेवायचो. मायक्रॉनचं काम करणारी वातानुकूलित टूलरूम गोव्यात असेल तर ती मोठ्या कंपनीतच.

कागदावरच्या बारीक ओळी

भोसरीचा पीएफ १,८०० आहे, म्हणजे त्यांनी तो १५,००० च्या मर्यादेवरच धरलाय. कुंडई पूर्ण २१,००० वर बारा टक्के कापते आणि तेवढेच घालते. महिन्याला ७२० रुपये कंपनीकडून जास्त. छोटा आकडा, पण निवृत्तीपर्यंत साचणारा.

ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात: वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. आज कुंडई सोडली तर त्याला २१,००० वर चौदा वर्षांचे १,६९,६१५ मिळतील. ते घेऊन निघता येतं, बुडत नाहीत. पण पुढची मोजणी भोसरीत शून्यापासून. तिथलं बेसिक १८,००० दाखवलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा असतो. म्हणजे त्याचं वेतन २५,००० धरायला हवं. हे त्यांच्याकडून लिहून घे, असं मी त्याला बजावलं. करार ठरावीक मुदतीचा आहे का, तेही बघायला सांगितलं.

मधला पर्याय म्हणून बेळगावचा उद्यमबाग आहे, चोर्ला घाट उतरून शनिवारी घरी येता येतं. पगार भोसरीइतका नाही, खोली मात्र स्वस्त. स्वतःची शेड टाकण्याबद्दल त्यानं विचारलं, मी विषय बदलला. जुना सरफेस ग्राइंडर घेऊन मी ते दोन वर्षं करून पाहिलंय. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा सांगतो, आणि कायदा दाखवला की पुढचं काम येत नाही.

माझं मत त्याला दिलं ते असं. तो पस्तिशीचा, मुलगी अजून बालवाडीत. ट्रायआउटला उभं करणार असतील तर चार वर्षं जा, पैसे उरणार नाहीत हे धरून जा. पंचेचाळीस ओलांडली असती तर म्हटलं असतं, कुंडईतच वायरकट शीक आणि ग्रेड वाढवून घे.

सोमवारी त्यानं भोसरीला फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. पगाराचं काही बोलला नाही. "पहिला ट्रायआउट कोण बघतं?" एवढंच विचारलं. पलीकडचा माणूस जरा थांबला, म्हणाला, "सध्या मीच. म्हणून तर माणूस शोधतोय. तुम्ही एकदा येऊन मोल्ड बघा, तिकीट मी देतो." भावानं गुरुवारच्या रात्रीच्या बसचं बुकिंग केलं आणि कुंडईत दोन दिवसांची रजा टाकली, राजीनामा नाही.