जपानमधील संशोधन इंटर्नशिप : विद्यापीठाची लॅब, त्सुकुबा की ओकिनावा?

जपानमधील दोन-तीन ठिकाणांहून इंटर्नशिपसाठी होकार आला की आपल्याकडचा विद्यार्थी सहसा संस्थेचे नाव, विषयातील तिचा दबदबा आणि विद्यावेतन यांची तुलना करतो आणि निर्णय घेऊन मोकळा होतो. ही तुलना चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण तेथील मुक्काम कसा जाईल हे बऱ्याच अंशी रोज सकाळी आपण कोणाच्या शेजारी जाऊन बसणार आहोत यावर ठरते, आणि त्या बाबतीत जपानमधील संशोधनसंस्था एकमेकींहून फार वेगळ्या आहेत. येथे तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत : टोकियो, क्योतो, सेन्दाइ अशा शहरांतील विद्यापीठाची प्रयोगशाळा, त्सुकुबा येथील राष्ट्रीय संशोधन संस्था, आणि ओकिनावा बेटावरील विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, जिला सगळे ओआयएसटी म्हणतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. मुक्काम तीन महिन्यांच्या आतला असेल तर विद्यापीठाची लॅब यादीत शेवटी ठेवावी, आणि पुढे जपानमध्येच मास्टर्स किंवा पीएचडी करण्याचे मनात असेल तर तीच सर्वांत आधी.

विद्यापीठाच्या लॅबमधील उतरंड ठरलेली असते. वर प्राध्यापक, त्यांच्याखाली सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, मग डॉक्टरेटचे आणि मास्टर्सचे विद्यार्थी, आणि शेवटी पदवीच्या चौथ्या वर्षाला असलेले, ज्यांना तेथे बी-फोर म्हणतात. आपल्याकडे कितीही चांगले गुण असले तरी इंटर्नची जागा या उतरंडीत बी-फोरच्या आसपास असते, आणि रोजचे मार्गदर्शन प्राध्यापकांकडून नव्हे तर नेमून दिलेल्या एखाद्या सेन्पाईकडून, म्हणजे वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून, मिळते. त्या सेन्पाईचे इंग्रजी बेताचे असेल तर यंत्र कसे चालवायचे हे हातवारे, भाषांतराचे ॲप आणि कागदावरील आकृत्या यांच्या आधाराने शिकावे लागते. त्यात एक गंमतही असते, पण वेळ जातो.

अनेक लॅबमध्ये दाराशेजारी एक छोटा पांढरा फळा टांगलेला असतो. त्यावर प्रत्येकाचे नाव आणि त्यापुढे खोलीत, प्रयोगशाळेत, आवारात, जेवायला, घरी असे रकाने आखलेले असतात. आपण जेथे असू त्या रकान्यात आपले चुंबक सरकवायचे. लेखी नियम असतो तो बहुधा 'कोअर टाइम'चा, म्हणजे साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात हजर राहण्याचा. त्यानंतर थांबायचे की निघायचे हे कागदोपत्री ज्याचे त्याने ठरवायचे असते. तरी संध्याकाळी सात वाजता आपले चुंबक 'घरी'कडे नेताना बाकीची सगळी 'खोलीत' या रकान्यात दिसली की हात घुटमळतो. परदेशी इंटर्नने वेळेवर निघावे हे सर्वांनी गृहीत धरलेले असते, त्यामुळे निघावे; मात्र 'ओसाकिनि शित्सुरेइ शिमासु' (तुमच्या आधी निघतो, माफ करा) एवढे म्हटल्याशिवाय निघू नये.

आठवड्यातून एकदा झेमी, म्हणजे सर्वांसमोर कामाचा आढावा. स्लाइड बहुधा इंग्रजीत असतात, पण चर्चा रंगली की ती जपानीत शिरते, आणि इंटर्नला दहा मिनिटांच्या वादाचा एका वाक्यातला गोषवारा मिळतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी. काही विद्यापीठांत काचेचे भांडे धुतल्यावर पहिले आणि दुसरे धुवण सिंकमध्ये ओतता येत नाही. ते टाकाऊ द्रव म्हणून डब्यात साठवावे लागते. हॅलोजनयुक्त आणि हॅलोजनविरहित द्रावकांचे डबे वेगळे, जड धातूंचे वेगळे, आणि कशात काय गेले याची नोंद वेगळी. वायूचा सिलिंडर भिंतीला किंवा चौकटीला वर आणि खाली अशा दोन साखळ्यांनी बांधलेला असतो, कारण भूकंप हा तेथे रोजच्या व्यवस्थेचाच भाग आहे. आपल्याकडे पाच मिनिटांत उरकणारे काम तेथे अर्धा तास घेते, आणि दोन महिन्यांच्या प्रकल्पात असे अर्धे तास बरेच जमा होतात.

विद्यापीठाच्या बाबतीत वर्षातील कोणता काळ आपल्या वाट्याला येतो यालाही मोठे महत्त्व आहे, आणि अर्ज करताना हे फारसे कोणी सांगत नाही. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत मास्टर्सचे विद्यार्थी प्रबंधात बुडालेले असतात, त्यामुळे हिवाळी सुट्टीत गेलेल्या इंटर्नकडे पाहायला सेन्पाईला सवड नसते. एप्रिलमध्ये नव्या बी-फोरची बसण्याची व्यवस्था चाललेली असते, आणि महिनाअखेरपासून गोल्डन वीकच्या सुट्ट्या लागतात. ऑगस्टमध्ये अनेक विद्यापीठांत मास्टर्सची प्रवेशपरीक्षा असते, म्हणून बी-फोर अभ्यासासाठी गायब होतात. त्यातच महिन्याच्या मध्यावर ओबोनची, म्हणजे पितरांच्या सणाची, सुट्टी येते. उरतो तो मेचा दुसरा आठवडा ते जुलैअखेर, आणि आयआयटी-आयसरच्या उन्हाळी सुट्टीशी तो बऱ्यापैकी जुळतो हे सुदैव. जून ते जुलैचा मध्य हा टोकियोत पावसाळा असतो. मात्र मुंबईच्या पावसाला सरावलेल्या माणसाला त्याचे विशेष काही वाटणार नाही.

त्सुकुबाचे चित्र जवळजवळ उलटे आहे. टोकियोच्या ईशान्येला सरकारने आखून वसवलेले हे विज्ञाननगर आहे. मटेरियल्स सायन्ससाठी एनआयएमएस, औद्योगिक तंत्रज्ञानासाठी एआयएसटी, कणभौतिकीसाठी केईके आणि जाक्सा या जपानच्या अवकाशसंस्थेचे केंद्र अशा संस्था तेथे एकमेकींपासून सायकलच्या अंतरावर आहेत. येथे आजूबाजूला विद्यार्थी कमी आणि पगारी संशोधक, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) व तंत्रज्ञ जास्त. मार्गदर्शक स्वतः वरिष्ठ संशोधक असतो, तो आपल्याशी थेट बोलतो, आणि गटात चीन, युरोप, भारत येथील पोस्टडॉक असल्यामुळे कामाची भाषा आपोआप इंग्रजी होते. भारतीय माणूस तेथे कोणाला नवा नाही : केईकेच्या फोटॉन फॅक्टरीत भारतीय शास्त्रज्ञांसाठी एक स्वतंत्र बीमलाइन, म्हणजे किरणझोतावर प्रयोग करण्याची जागा, उभारली गेली, आणि केईकेच्याच बेल व बेल-2 या कणभौतिकीच्या प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) सहभाग आहे. सुरक्षा प्रशिक्षण आटोपले की यंत्राचे आरक्षण आपल्या नावावर होते आणि मोजमापे सुरू होतात. ज्याला आठ-दहा आठवड्यांत हाती काही आकडे घेऊन परतायचे आहे, त्याच्यासाठी याहून सरळ जागा नाही.

त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. सहा-साडेसहानंतर इमारती रिकाम्या होऊ लागतात. विद्यापीठाच्या लॅबमध्ये आल्यावर स्वागताची पार्टी, निघताना निरोपाची पार्टी आणि मधल्या काळात कोणीतरी प्रवासातून आणलेल्या मिठाईचा चहाच्या टेबलावर ठेवलेला खोका हे सगळे न मागता मिळते. त्सुकुबात सहकारी आपापल्या घरी, मुलाबाळांकडे जातात. शहर रुंद रस्त्यांचे, मोटारींचे आणि बागांचे आहे. सायकल नसेल तर बाजारहाटही जड जातो, आणि जुनी सायकल घेतली तर तिची चोरीप्रतिबंधक नोंदणी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, नाहीतर रात्री एखादा पोलीस नम्रपणे थांबवून चौकशी करतो. 2005 साली सुरू झालेल्या त्सुकुबा एक्स्प्रेसने जलद गाडीने 45 मिनिटांत अकिहाबाराला पोहोचता येते. तिकीट मात्र एका बाजूचे हजार येनच्या वर आहे, त्यामुळे दर शनिवार-रविवारी टोकियोला जाण्याचा बेत दोन-तीन आठवड्यांत आपोआप बारगळतो.

ओआयएसटी हा तिसरा पर्याय आणखी निराळा आहे. 2011 साली विद्यापीठ म्हणून सुरू झालेली ही संस्था फक्त पीएचडी देते, तेथे विभाग नाहीत, कारभाराची भाषा इंग्रजी आहे, आणि निम्म्याहून अधिक प्राध्यापक व विद्यार्थी जपानबाहेरचे आहेत. इंटर्नला विमानभाडे, राहण्याची सोय आणि दैनिक भत्ता मिळतो. मुक्काम साधारण दोन ते सहा महिन्यांचा असतो. अर्जापासून वैद्यकीय विम्यापर्यंत सर्व पत्रव्यवहार इंग्रजीत होतो, आणि ज्यांनी इतरत्र जपानी अर्ज भरले आहेत त्यांनाच या सुखाची खरी किंमत कळेल. शेजारच्या गटातील मज्जाशास्त्रज्ञाबरोबर जेवणाच्या टेबलावर गणिताची चर्चा होणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही.

पण संस्था आहे ओन्ना या गावात, नाहा विमानतळापासून गाडीने सुमारे तासाच्या अंतरावर. ओकिनावाची एकमेव रेल्वे म्हणजे नाहा परिसरातील मोनोरेल, तीही इकडे फिरकत नाही. संस्थेच्या बसवर किंवा कोणाच्या तरी गाडीवर अवलंबून राहावे लागते. स्वतः गाडी चालवता येत असेल तर निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो जपानमध्ये चालतो, आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडूनच. ओकिनावात ती 1978 पर्यंत अमेरिकी अमलामुळे लागलेल्या वळणाने उजवीकडून चालत होती, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. पावसाळा मे-जूनमध्येच येऊन जातो, आणि जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा काळ असतो. मोठे वादळ आले की दिवसभर खोलीत बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते. उकाडा, खारी हवा आणि हिरवाई पाहून कोकणातल्या माणसाला परके वाटणार नाही. मात्र जपान पाहायचा म्हणून जो जात असेल त्याने समजून असावे की येथे दोन महिने राहून एकही जपानी वाक्य न शिकता परतता येते.

पैशांच्या बाबतीत ओआयएसटी निर्विवादपणे पुढे आहे. विद्यापीठात थेट प्राध्यापकांना लिहून जागा मिळवली असेल तर बऱ्याचदा विद्यावेतन नसते, वसतिगृहात अल्पमुदतीच्या इंटर्नला जागा मिळेलच असे नाही, आणि टोकियोत शेअर हाउसमधील खोलीला महिन्याला साधारण 50 ते 80 हजार येन मोजावे लागतात. 100 येनचे 55 ते 60 रुपये धरले तर नुसते भाडेच साधारण 28 ते 48 हजार रुपयांच्या घरात जाते. म्हणून एखाद्या ठरलेल्या कार्यक्रमातून जाणे केव्हाही बरे. टोकियो विद्यापीठाच्या विज्ञान विद्याशाखेचा यूट्रिप हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी कार्यक्रम आहे. संगणकशास्त्राच्या मास्टर्स-पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी टोकियोतीलच एनआयआय ही राष्ट्रीय संस्था भत्त्यासह इंटर्नशिप देते, पण ती तिच्याशी सामंजस्य करार असलेल्या संस्थांच्या विद्यार्थ्यांनाच. तेव्हा आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का हे आधी पाहावे.

खाण्याचा प्रश्न शाकाहाऱ्यांना तिन्ही ठिकाणी आहे, फक्त कमी-जास्त. विद्यापीठाच्या सहकारी उपाहारगृहात पाचशे-सातशे येनमध्ये पोटभर जेवण होते, पण मिसो सूपपासून उदोन नूडल्सच्या रश्शापर्यंत सगळीकडे दाशी, म्हणजे बोनितो माशाचा अर्क, असतो, आणि वरून दिसताना नुसत्या भाज्याच दिसतात. हे ज्याला चालत नाही त्याने स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी. टोकियोत निदान निशि-कासाईला जाऊन तूरडाळ, पोहे, हिंग आणता येतो. एदोगावा वॉर्डमधील हा भाग भारतीय वस्तीसाठी प्रसिद्ध आहे, आणि 2019 साली त्याच वॉर्डच्या सभागृहात पुराणिक योगेंद्र हे भारतात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे गृहस्थ निवडून आले होते. गणपतीच्या दिवसांत टोकियोत असाल तर टोकियो मराठी मंडळाचा उत्सवही आहे. त्सुकुबातून हे सगळे ऑनलाइन मागवता येते. ओन्नाला मात्र मसाले घरूनच न्यावेत.

कागदपत्रांचा विचार मुक्कामाच्या लांबीनुसार करावा लागतो. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला निवासपत्र मिळते, राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून 14 दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालावे लागते, ज्यामुळे दवाखान्याच्या बिलाचा 30 टक्के भागच आपल्याकडे येतो. त्याहून कमी मुदतीच्या इंटर्नला निवासपत्र नाही, त्यामुळे विमा स्वतःचा हवा. बँकेत खाते उघडणे सहा महिन्यांच्या आतल्या मुक्कामात अवघडच असते, म्हणून भत्ता रोख मिळणार की भारतातील खात्यात जमा होणार हे आधी विचारून घ्यावे. विद्यापीठांत हे सगळे बऱ्याचदा लॅबच्या सचिव बाई मार्गी लावतात, आणि वॉर्ड कार्यालयात सेन्पाई बरोबर येतो. त्सुकुबा व ओकिनावात त्यासाठी स्वतंत्र कक्ष आहेत.

आता ज्याला पुढे जपानमध्येच शिकायचे आहे त्याच्याविषयी. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचा मार्ग दूतावासातून धरला काय किंवा विद्यापीठाच्या शिफारशीतून धरला काय, शेवटी 'मी या विद्यार्थ्याला घेतो' असे म्हणणारा प्राध्यापक लागतो. बी-फोरच्या शेजारी बसून झेमीत अडखळत बोललेला, धुवणाचे डबे नीट भरलेला इंटर्न त्या प्राध्यापकांना माहीत झालेला असतो. त्सुकुबातील संशोधकाचे उत्तम शिफारसपत्र ती ओळख पूर्णपणे भरून काढत नाही. अशा विद्यार्थ्याने पाच-सहा महिने काढावेत, इकडे असतानाच निदान एन-फाइव्हपुरते, म्हणजे जपानी भाषापरीक्षेच्या सर्वांत सोप्या पातळीपुरते, जपानी शिकून घ्यावे, आणि विद्यापीठच निवडावे. अमेरिकेत किंवा युरोपात पीएचडीचे अर्ज करायचे असतील तर मात्र विषयानुसार त्सुकुबा किंवा ओआयएसटी यांपैकी एक घ्यावे, कारण तेथे कमी वेळात काम अधिक दिसते. मोजमापांचे काम असेल तर त्सुकुबा. जीवशास्त्र किंवा दोन विषयांच्या सीमेवरचे काम असेल आणि घरून पैसे घ्यायचे नसतील तर ओआयएसटी.

होकार कळवण्यापूर्वीच्या पत्रात तीन गोष्टी सरळ विचाराव्यात, कोणी वाईट मानत नाही : रोजचे मार्गदर्शन नेमके कोण करणार आणि ती व्यक्ती कोणत्या वर्षाला आहे, गटाची बैठक कोणत्या भाषेत होते, आणि ज्या यंत्रावर काम आहे त्याचा वापर इंटर्नला स्वतः करता येतो की कोणीतरी बरोबर असावे लागते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर जागा विद्यापीठातील असो वा राष्ट्रीय संस्थेतील, तारखा पक्क्या करण्याआधी पुन्हा एकदा लिहावे.