शेअर शोधताना पहिल्या ओळीत काय येतं? ब्रोकरच्या अ‍ॅपमधला सर्च, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

ब्रोकरचं नाव देत नाही, कारण लिहायचंय ते फक्त त्याच्या अ‍ॅपमधल्या सर्चबद्दल. नाव टाइप केल्यावर खाली जी यादी उघडते, तिच्या क्रमाबद्दल. माझं आणि आई-बाबांचं अशी तीन डिमॅट खाती मीच बघते, त्यामुळे हा सर्च रोजच्या वापरातला आहे.

आधी जमलेलं सांगते. इंग्रजीत ‘एलटी’ टाकलं की लार्सन अँड टुब्रो सगळ्यात वर येते. ही दोन अक्षरं डेल्टा कॉर्पच्या पोटातही आहेत आणि ‘हेल्थ’ असलेल्या प्रत्येक नावातही. आधी तंतोतंत जुळणारा सिम्बॉल (म्हणजे शेअर बाजारातलं कंपनीचं छोटं नाव), मग त्या अक्षरांनी सुरू होणारे, मग पोटात अक्षरं असलेले, हा क्रम इथे नीट पाळलाय. ‘एसबीआय’चा निकाल मला त्याहून आवडला. एसबीआय कार्ड आणि एसबीआय लाइफच्या नावातच ती अक्षरं आहेत. बँकेचं नाव स्टेट बँक ऑफ इंडिया आणि सिम्बॉल एसबीआयएन. अकारविल्हे लावलं तर बँक त्या दोघींच्या खाली जाते. इथे ती पहिली येते. उलाढालीला वजन दिलेलं असणार, आणि ते योग्यच आहे.

आता त्रास. ज्या शेअरमध्ये फ्यूचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, चालतात, त्याचं नाव टाकलं की स्ट्राइक प्राइसची, म्हणजे त्या सौद्यांच्या आधीच ठरलेल्या भावांची, रांग लागते आणि साधा शेअर शोधायला खाली जावं लागतं. फक्त इक्विटी दाखवण्याचं फिल्टर आहे, पण अ‍ॅप बंद केलं की ते पुसलं जातं. ज्या खात्यात फ्यूचर्स-ऑप्शन्स सुरूच केलेलं नाही, त्या खात्यात ही रांग वर यावीच का? महिंद्राचा सिम्बॉल ‘एम अँड एम’, मधल्या चिन्हासकट. ते चिन्ह गाळून ‘एमएम’ टाकलं तर महिंद्रा यादीत दिसतच नाही. मोबाइलच्या कीबोर्डवर ते चिन्ह दुसऱ्या पानावर असतं, हे बनवणाऱ्यांना ठाऊक असायला हवं.

सगळ्यात जास्त खटकतं ते जुन्या नावांचं. बाबांच्या तोंडी अजून टेल्को, टिस्को, हिंदुस्थान लिव्हर. टेल्कोची टाटा मोटर्स २००३ मध्ये झाली, टिस्कोची टाटा स्टील २००५ मध्ये, पण पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी घरांत आजही टेल्कोच म्हणतात. अ‍ॅपमध्ये टेल्को टाकलं की कोरी पाटी. झोमॅटो टाकलं तर मात्र इटर्नल बरोबर येते. म्हणजे जुनं नाव नव्याला जोडायची सोय आहे, फक्त अलीकडच्या नावांपुरती.

टाटा मोटर्सचं तर २०२५ मध्ये विभाजन झालं. जुनी नोंदलेली कंपनी टीएमपीव्ही या सिम्बॉलने प्रवासी गाड्यांची झाली आणि ‘टाटा मोटर्स’ हे नाव ट्रक-बसच्या नव्या कंपनीकडे गेलं, सिम्बॉल टीएमसीव्ही. अशा वेळी दोन्ही शेजारी-शेजारी दाखवून कोणती कशाची हे एका ओळीत लिहायला हवं. इथे दोघींच्या मध्ये टाटांच्या भलत्याच कंपन्या येतात.

हे बारीकसारीक नाही. २०२० मध्ये अमेरिकेत लोकांनी व्हिडिओ कॉलवाली झूम समजून झूम टेक्नॉलॉजीज नावाच्या भलत्याच कंपनीचे शेअर घेतले. तिचा सिम्बॉलच ‘झूम’ होता, हव्या असलेल्या कंपनीचा ‘झेडएम’. शेवटी तिथल्या नियामकाला, एसईसीला, त्या शेअरचे व्यवहार काही दिवस थांबवावे लागले. अक्षरं तंतोतंत जुळली म्हणजे माणसाच्या मनातली कंपनी सापडली असं होत नाही. निकालाच्या ओळीत पूर्ण नाव, धंदा आणि शेवटचा भाव दिसला तर बोट आपोआप थबकतं. या अ‍ॅपमध्ये पूर्ण नाव दिसतं, पण लांब नाव अर्ध्यातच तुटतं.

आई-वडिलांची जुनी होल्डिंग सांभाळणाऱ्यांनी एक करावं: डिमॅट स्टेटमेंटवरचा बारा अक्षरी आयएसआयएन (प्रत्येक शेअरचा वेगळा ओळख क्रमांक) उचलून सर्चमध्ये टाकावा. इथे तो चालतो आणि एकच कंपनी दाखवतो, फार तर एनएसई आणि बीएसई अशा दोन ओळी. बीएसईचा सहा आकडी कोडही चालतो, ५००३२५ टाकलं की रिलायन्स.

पाचपैकी साडेतीन. जुनी नावं जोडली आणि फिल्टर लक्षात ठेवलं, तर साडेचार द्यायला तयार आहे.