ब्रेस्ट पंप, सात महिन्यांनंतर: मोटर शाबूत आहे, तुम्ही तो रबरी व्हॉल्व्ह बघा

मे महिन्यात घेतलेला डबल इलेक्ट्रिक पंप सात महिने रोज चालवला, त्यानंतर हे लिहिते आहे. सहा आठवडे झाले होते तेव्हा मी आमच्या मामे-मावस बहिणींना "डोळे झाकून घ्या" असं सांगून बसले होते. ते मागे घेते. आता सांगेन की घ्या, पण व्हॉल्व्हचा एक जादा जोड हातात पडल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. लेव्हल किती, मोड किती, बॅटरी किती वेळ चालते हे खोक्यावर छापलेलं आहे, त्यात वेळ घालवत नाही.

पंप का घ्यावा लागला ते आधी. बीपी वाढलं म्हणून पस्तिसाव्या आठवड्यातच इथं कोल्हापुरात सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, २ किलो ४० ग्रॅम. मला तिचा गाल एकदा गालाला लावून दाखवला आणि लगेच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेली. मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या. चार तासांनी एक सिस्टर आल्या, हातात सुई नसलेली छोटी सिरिंज. म्हणाल्या, "ताई, बाळाला तुमचं चीक पाहिजे, चला काढूया." पंप वगैरे काही नाही. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, काळ्या भागापासून जरा मागे. आधी छातीच्या दिशेला आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. घासायचं नाही, ओढायचं नाही. पाच-सात मिनिटं काहीच आलं नाही आणि मला रडू यायला लागलं. मग टोकाला एक पिवळा थेंब जमला, मधासारखा घट्ट. सिस्टरांनी तो सिरिंजनं टिपून घेतला. अर्ध्या तासात २ मिली झालं. "एवढंच?" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "एवढंच लागतंय तिला आज. पहिली लस आहे ही." आणि ती सिरिंज मुठीत धरून जिन्यानं खाली गेल्या.

म्हणून ज्या बाळंतपणाच्या आधीच पंप घेऊन ठेवायच्या विचारात आहेत त्यांना सांगते, पहिल्या दोन-तीन दिवसांत याचा उपयोग नाही. चिकाचे थेंब छातीला लावायच्या फनेललाच चिकटून राहतात, बाटलीत उतरत नाहीत. तिथं हातच लागतो. हातानं काढायला शिकून घ्या. पुढं माझं बाळ उपाशी राहिलं नाही ते त्या शिकण्यामुळं.

चौथ्या दिवशी दूध आलं. छाती दगडासारखी झाली, काखेपर्यंत गाठी, ताप आल्यासारखं अंग. हातानं उरकेना. त्या संध्याकाळी मिस्टरांनी पंप आणला, ३,४०० रुपये. आई किंमत ऐकून गप्प झाली, मग म्हणाली, "गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी पिळत्यात तसं मशीन लावून घेणार व्हय गं?" ते वाक्य मला फार लागलं. तिला पैशाची काळजी होती हे आज कळतं. त्या रात्री पहिल्यांदा दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या, बाटलीत ६० मिली दूध दिसलं आणि मी सलग दोन तास झोपले. त्या एका रात्रीसाठी मी या पंपाचे उपकार विसरणार नाही.

पाचव्या दिवशी मला सोडलं, बाळाला नाही. माहेर मंगळवार पेठेत, हॉस्पिटल राजारामपुरीत. आईनं पाचवी घरातच पुजली. पाट्यावर सटवाईपुढं कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि पाळणा रिकामा. मी शेजारी भिंतीला टेकून पंप लावून बसले होते. दर तीन तासांनी, दिवसा आणि रात्री, एकूण आठ वेळा. डॉक्टरांनी रात्रीची वेळ चुकवायची नाही असं बजावलं होतं, कारण दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायची, स्टीलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवायची आणि मिस्टर गाडीवरून पोचवायचे. तिकडं सिस्टर बोंडल्यानं थोडं थोडं पाजायच्या.

वजन आधी १ किलो ९१० वर उतरलं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, हे मला आधीच माहीत असतं तर त्या दोन रात्री बऱ्या गेल्या असत्या. कावीळ झाली, डोळ्यांना पट्टी बांधून दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवली. मग मला कांगारूसारखं छातीशी कातडीला कातडी लावून तिला धरायला दिलं, रोज तास-दोन तास. तिला धरून आल्यावर पंप लावला की दूध नेहमीपेक्षा जास्त यायचं, हे मी वहीत लिहून ठेवलेलं आहे. अकराव्या दिवशी घरी आली. तेराव्या दिवशी वजन जन्माएवढं भरलं.

पुढचे दोन महिने पंपाबद्दल तक्रार नव्हती. फक्त एक: सोबत येणारं फनेल २४ मिमीचं असतं, मला ते मोठं पडत होतं आणि काळा भागही आत ओढला जाऊन सुजायचा. २१ चं इन्सर्ट, म्हणजे फनेलच्या आत बसणारी लहान मापाची कडी टाकली आणि दुखणं थांबलं. दुखतंय म्हणून लेव्हल कमी करत बसू नका, आधी माप बघा. आवाज ठीक आहे, बाळ उठत नाही. लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाइट किती जाते ते सांगायला नको.

आता तो व्हॉल्व्ह.

फनेलच्या खाली, बाटलीच्या तोंडाशी, नखाएवढा पांढरा सिलिकॉनचा तुकडा असतो. बदकाच्या चोचीसारखा, टोकाला एक चीर. मोटर ओढते तेव्हा चोच मिटते आणि आत पोकळी तयार होते, सोडते तेव्हा चोच उघडून दूध खाली पडतं. सगळ्या पंपाचा जीव एवढ्यात आहे. रोज उकळून आणि ब्रश घालून धुतलं की चीर हळूहळू सैल होते, चोच पूर्ण मिटत नाही आणि ओढ जाते. मोटर मात्र तशीच आवाज करत राहते. स्क्रीनवर लेव्हल तीच दिसते. म्हणजे बिघडलंय हे कळायला काही मार्गच नाही.

जुलैच्या शेवटी माझं दूध कमी झालं. एका वेळी ९० मिली निघायचं ते ६० झालं, मग ४०, मग २५. मुलगी तेव्हाही अंगावर पाच मिनिटं ओढून थकून झोपायची, उरलेलं काढलेलंच पाजावं लागायचं. त्यामुळं आकडा उतरला की माझ्या पोटात गोळा यायचा. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी आणि शेपू झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, पान्हा गेला, नजर लागली. सासूबाईंचा फोन आला, "वरचं सुरू करा आता, लेकरू उपाशी नका ठेवू." त्यांचाही जीव तुटत होता. मिस्टर पावडरचा डबा घेऊन आले. त्या डब्यावर कायद्यानं छापावंच लागतं की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. ती ओळ मी रात्री दोन वाजता वाचली आणि मला वाटलं, हे मला उद्देशूनच लिहिलंय. दहा दिवस मी स्वतःला दोष देत होते. अजून लिहिताना हात थरथरतो.

आमच्या आबांची तीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात पंपाच्या कारखान्यात गेली. मी पंप लावायचे तेव्हा ते खोलीतून उठून जायचे, त्या वस्तूकडं बघायचेसुद्धा नाहीत. त्या दिवशी धुतलेले पार्ट फडक्यावर वाळत होते आणि मी आईपाशी रडत होते. आबा आले, फडक्यापाशी उकिडवे बसले.

"मोटर फिरतीया न्हवं?"

"फिरतीया."

"आन् उचलंना?"

मी नुसती मान हलवली. म्हणाले, "मग रडतीस कशाला? विहिरीवरची मोटर फिरतीया पण पाणी उचलंना, तर आधी काय बघायचं? फूटव्हॉल्व्ह." म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह. त्यांनी तो पांढरा तुकडा दोन बोटांत धरला, ट्यूबलाइटसमोर नेला आणि मला दाखवला. चिरेतून उजेड दिसत होता, केसाएवढी रेघ. "हितनं हवा घेतोय ह्यो. तुझ्यात काय बी कमी न्हाई."

तुझ्यात काय बी कमी न्हाई. दहा दिवसांत हे मला कुणीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, मोटर चालू आहे ना? मग वॉरंटीत काही बसत नाही. व्हॉल्व्ह झिजणारा पार्ट आहे." झिजतो हे मान्य, मग सुटा द्या. सुटा मिळत नाही, फनेल-बाटलीसकट पूर्ण किट घ्यावं लागेल, १,१९० रुपये. बिलाचा फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, परत बिलाचा फोटो पाठवा. चार दिवसांत पाच वेगवेगळ्या माणसांना मी माझ्या दुधाची गोष्ट सांगितली. माहितीपुस्तिका काढून बघितली, व्हॉल्व्ह किती दिवसांनी बदलायचा याचा एक शब्द त्यात नाही. उलट ब्रशनं स्वच्छ धुवा असं चित्र आहे. माझा राग ११९० रुपयांवर नाही. एवढं एक वाक्य छापलं असतं तर एका बाळंतिणीचे दहा दिवस वाचले असते, राग त्याचा आहे.

नाइलाजानं किट मागवलं. त्याच आठवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलेली, कुरिअरची गाडी अडकली. आई म्हणाली, आबांना सांगून रबर कापून घेऊ. आबांनी साफ नकार दिला. "कारखान्याचं रबर लेकराच्या दुधाला न्हाई लावायचं." मग ते सहा दिवस हातानंच काढलं, त्या सिस्टरांनी शिकवलं होतं तसं. अंगठा, दोन बोटं, आत, दाब, सोड. मनगट सुजलं. पहिल्याच दिवशी ७० मिली निघालं. पण दहा दिवस दूध नीट रिकामं न झाल्यानं शरीरानं बनवणंही कमी केलं होतं, छाती भरलेली राहिली की दूध कमी बनतं. म्हणून दिवसातून दहा-बारा वेळा तिला लावलं आणि वर काढलंही. दोन आठवड्यांत ९० परत आलं. पावडरचा डबा न फोडता दुकानात परत केला, दुकानदारानं पैसे दिले, त्यांचे आभार.

किटमधला नवा व्हॉल्व्हही ऑक्टोबरमध्ये तसाच खराब झाला. म्हणजे माझ्या धुण्यात चूक होती असं जे मी धरून चालले होते तेही पूर्ण खरं नाही. या वेळी मी ब्रश लावलाच नव्हता. दिवसाला सहा-सात वेळा वापर असेल तर दोन महिने हेच त्याचं आयुष्य. आबांनी जुन्या व्हॉल्व्हची कॉलर व्हर्निअरनं मोजून दिली, त्या मापाचे दुसऱ्या कंपनीचे फूड ग्रेड व्हॉल्व्ह ऑनलाइन मिळाले, दोन जोड २८० रुपयांना. घट्ट बसतात, ओढ मूळच्यापेक्षा चांगली आहे. ११९० च्या जागी १४० रुपयांचा जोड.

तपासायची पद्धत अशी: व्हॉल्व्ह कोरडा करा, उजेडासमोर धरा. चीर आपोआप मिटलेली दिसली पाहिजे. मग पंपात लावून फनेलच्या तोंडावर तळहात ठेवा, मोटर सुरू करा. तळहात ओढला गेला पाहिजे आणि सोडताना चिकटल्यासारखा वाटला पाहिजे. दूध कमी झालं असं वाटेल तेव्हा खीर-लाडवाच्या आधी हे करा. धुताना साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळा, चिरेत काही घालू नका. आणि कुणाचा वापरलेला पंप घेऊ नका, या प्रकारच्या मशीनमध्ये दुधाचा ओलावा नळीतून मोटरपर्यंत जातो आणि तो भाग धुता येत नाही.

नोव्हेंबरात २६ आठवड्यांची रजा संपली, पतसंस्थेत परत रुजू झाले. दुपारी दीडला रेकॉर्ड रूममध्ये वीस मिनिटं, आतून कडी. निघालेलं दूध ऑफिसच्या फ्रिजमध्ये, घरी आणलं की फ्रिजमध्ये जास्तीत जास्त चार दिवस. बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवत नाही, उन्हाळ्यात तेवढंही ठेवणार नाही. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवायची, गॅसवर कधीच नाही. वर साय धरल्यासारखं दिसतं ते नासलेलं नसतं, हलकं फिरवलं की मिसळतं. मुलगी आता ६ किलो ८०० ग्रॅम आहे, नाचणीची खीर चाखायला लागली आहे आणि आईच तिला दुपारी माझं दूध वाटी-चमच्यानं पाजते.

मोटरला पाचपैकी पाच. व्हॉल्व्हला एक, कंपनीच्या फोनला शून्य. उरलेला जोड स्टीलच्या डबीत आहे, डबीवर आबांनी मार्करनं लिहिलंय, "फूटव्हॉल्व्ह, १० जानेवारीला बदलणे".