सिमेंटचे जुने पत्रे उतरवायला कोण: गावातले पत्रेवाले की प्रशिक्षित टोळी?

जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोलीकडे ज्यांचे पत्रे फुटले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी फुटले तेवढेच बदलले. उरलेले सिमेंटचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले पत्रे उतरवायचे असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गावातले पत्रेवाले स्वस्त पडतात आणि वासा कुठे कुजलाय ते खालून बघून सांगतात. त्यात त्यांना तोड नाही. मुंबईकडची प्रशिक्षित टोळी महाग, शिवाय तारीख मिळेपर्यंत पाऊस तोंडावर येतो.

तरी माझा कल टोळीकडे, आणि तो गंजक्या हुकांमुळे. खाऱ्या वाऱ्याने जे-हुकाचा (पत्रा छपराला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टचा) नट असा धरतो की पाना फिरतच नाही. आमच्या गोठ्यावर पत्रेवाल्याने सरळ ग्राइंडर चालवला. हुकाबरोबर पत्राही कापला गेला, धूळ विहिरीच्या कठड्यापर्यंत बसली आणि त्याच्या तोंडाला नुसता रुमाल. अख्ख्या पत्र्यात तंतू सिमेंटने धरलेले असतात. कापला की ते हवेत सुटतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. त्यातून होणारा आजार उमटायला कित्येक वर्षं जातात, म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगाला कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं ठेवायला सांगितलं. घराच्या वेळी टोळीने आधी पत्रे भिजवले, हूक कटरने तोडले, पत्रे अख्खे खाली घेतले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळले.

आता टोळीवाले दाखवतात त्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचं. अमेरिकेत ॲस्बेस्टॉस काढायचं प्रमाणपत्र घेणाऱ्या कामगाराला 32 तासांचं, सुपरवायझरला 40 तासांचं प्रशिक्षण आणि दर वर्षी उजळणी. ब्रिटनमध्ये परवाना कंपनीला मिळतो. सिमेंटच्या पत्र्यांना तो सहसा लागत नाही, प्रशिक्षण मात्र लागतंच. आपल्याकडे घराचे पत्रे उतरवणाऱ्याला असा खास परवाना बंधनकारक नाही, त्यामुळे नुसता कागद बघून भुलू नका. तो छपरावर चढणाऱ्याच्या नावाचा आहे की ठेकेदाराच्या, तारीख कधीची आणि प्रशिक्षणात हाताने काम करून घेतलं होतं का, हे विचारा. माझ्या मते नाव जुळणं सगळ्यांत महत्त्वाचं.

माझा अनुभव दोनच छपरांचा, हे खरं. खर्च झेपत नसेल तर गावातल्यांनाच सांगा, पण ग्राइंडर लावायचा नाही हे आधीच ठरवून घ्या, फिल्टरचे मास्क तुम्ही आणून द्या, आणि फुटके तुकडे अंगणाच्या भरावात जाऊ देऊ नका.